खेचरांची वाट, सायकलींची गर्दी : पोटोमॅककाठच्या २९७ किलोमीटरला डांबर का नाही?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन नावाचा जुना भाग आहे. तिथल्या महागड्या दुकानांच्या मागच्या बाजूने एक वाट निघते आणि पोटोमॅक नदीच्या काठाने वायव्येकडे जाऊ लागते. ती थांबते थेट १८४.५ मैलांवर, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरवर, डोंगरांत वसलेल्या कंबरलंड या शहरात. मुंबईहून पुण्याला जाऊन परत यावं, साधारण तेवढं हे अंतर आहे. या वाटेवर मोटारींना बंदी आहे आणि काही तुकडे सोडले तर डांबर किंवा काँक्रीटही नाही. पायाखाली आहे माती, खडी आणि खडीचा बारीक चुरा.

चेसापीक अँड ओहायो कालव्याची ही वाट, थोडक्यात सी अँड ओ. ती आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि या उद्यानात वर्षाला चाळीस लाखांहून अधिक भेटींची नोंद होते. मेरीलँड आणि व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही यातला निदान ग्रेट फॉल्सचा धबधबा पाहुण्यांना दाखवण्याचं ठिकाण म्हणून ओळखीचा असतो. गेल्या काही वर्षांत ग्रॅव्हल सायकलिंगची, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर रुंद टायरच्या सायकलने लांब अंतर कापण्याची आवड वाढली आणि या वाटेला नवा ग्राहक मिळाला. पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या मनुष्यबळाला कात्री लागली आणि एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. जी वाट दर मोठ्या पुरात वाहून जाते, ती दर वेळी पुन्हा कोणी बांधायची?

हा कालवा नेमका कसला?

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतीचं पाणी डोळ्यांसमोर येतं. हा कालवा पाणी देण्यासाठी नव्हता, माल वाहण्यासाठी होता. पोटोमॅक नदीत जागोजागी खडक आणि धबधबे असल्याने बोटी वर जाऊ शकत नव्हत्या. म्हणून नदीला समांतर, संथ पाण्याचा वेगळा मार्ग खोदला गेला. बोटीला इंजिन नव्हतं. काठावरच्या वाटेने खेचरं चालायची आणि लांब दोराने बोट ओढायची. ओढण्याची ही वाट म्हणजे ‘टो-पाथ’. आज सायकली धावतात त्या याच वाटेवरून.

जॉर्जटाउन ते कंबरलंड हा चढ आहे ६०५ फुटांचा. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून वाटेत ७४ लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरून बोट वर उचलायची आणि पुढचं दार उघडून सोडायची. एका लॉकमध्ये साधारण आठ फूट उंची मिळायची. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. जवळपास तीनशे किलोमीटरमध्ये चढ म्हणावा असा फक्त लॉकपाशी, तोही एखाद्या छोट्या उंचवट्याएवढा. मधली वाट सपाट.

कालवा हरला कसा?

४ जुलै १८२८. वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कालव्यासाठी पहिली कुदळ मारली. फावडं मुळाला अडकलं, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढला आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी, तिथून जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर असलेल्या बाल्टिमोरमध्ये दुसरा समारंभ चालू होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हयात असलेले एकमेव नेते, नव्वदीतले चार्ल्स कॅरोल, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पायाचा दगड बसवत होते.

दोघांनाही पश्चिमेकडे ओहायो नदीच्या खोऱ्यात पोहोचायचं होतं. पॉइंट ऑफ रॉक्स या ठिकाणी डोंगर आणि नदी यांच्यामध्ये इतकी अरुंद पट्टी होती की तिच्यासाठी दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला. मग तडजोड झाली आणि रेल्वेलाही वाट मिळाली. कोर्टात जिंकलेला कालवा शर्यतीत मात्र हरला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली, कालवा १८५० मध्ये.

उशिराची कारणं पैशांची होती, तशी माणसांचीही. खोदकाम करणारे बरेचसे आयरिश स्थलांतरित मजूर होते. १८३२ मध्ये पटकीची साथ आली. पगार थकले, टोळ्यांमध्ये मारामाऱ्या झाल्या आणि १८३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इथे केंद्राचं सैन्य पाठवलं. मजुरांच्या संघर्षात केंद्राचं सैन्य वापरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ मानली जाते. पॉ पॉ इथला ३,११८ फुटांचा बोगदा दोन वर्षांत व्हायचा होता, त्याला चौदा वर्षं लागली. आज त्या बोगद्यात शिरताना सायकलवरून उतरून, दिवा लावून चालत जावं लागतं. आतली वाट अरुंद आहे आणि भिंतींना साठ लाखांच्या आसपास विटा आहेत.

कंबरलंडच्या पुढे कालवा कधी गेलाच नाही. नावातली ओहायो नावातच राहिली. तरी १८७० च्या दशकात डोंगरातला कोळसा खाली आणून त्याने बरी कमाई केली. मग १८८९ चा पूर आला आणि कंपनी मोडली. ताबा गेला जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे रेल्वेकडेच. ही सपाट जागा दुसऱ्या एखाद्या रेल्वे कंपनीच्या हाती पडू नये, हाही त्यामागचा एक हेतू होता. १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या आणि १९३८ मध्ये केंद्र सरकारने अख्खा कालवा २० लाख डॉलरना विकत घेतला. त्यानंतर न्यू डीलच्या रोजगार योजनेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी वॉशिंग्टनकडच्या ३५ किलोमीटरची दुरुस्ती केली. बाकीचा भाग झाडाझुडपांनी व्यापला.

डांबरी रस्ता होता होता कसा राहिला?

या वाटेची खरी गोष्ट इथे सुरू होते. १९५० च्या सुमारास सरकारपुढे प्रश्न होता, या लांबलचक सरकारी जमिनीचं करायचं काय? उत्तर त्या काळाला साजेसं होतं. मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता, म्हणजे पार्कवे, बांधायचा. विशेष म्हणजे हा आराखडा कुठल्या बिल्डरचा नव्हता. तो राष्ट्रीय उद्यान सेवेनेच पुढे आणला होता. लोक मोटारीने फिरायला लागलेत, तर उद्यान मोटारीतूनच दाखवायला हवं, असा तो हिशोब. पश्चिम मेरीलँडमधल्या अनेकांनाही रस्ता हवा होता आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यांच्या गावांना राजधानीशी जोडणारा एक चांगला रस्ता मिळणार होता.

३ जानेवारी १९५४ ला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून या रस्त्याला पाठिंबा दिला. त्यावर विल्यम ओ. डग्लस यांचं पत्र आलं. डग्लस हे सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती होते आणि पट्टीचे गिर्यारोहकही. त्यांनी संपादकांना थेट आव्हान दिलं : माझ्याबरोबर ही अख्खी वाट चाला आणि मग तुमचं मत सांगा. वृत्तपत्राने आव्हान स्वीकारलं. २० मार्चला कंबरलंडहून चाल सुरू झाली. सोबत निसर्ग अभ्यासक होते, पत्रकार होते. वाटेत लोक सामील होत, गळत. २७ मार्चला वॉशिंग्टनला पोहोचले तेव्हा पूर्ण अंतर पायी कापलेले नऊ जण उरले होते. डग्लस त्यांतले एक. काही दिवसांतच वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली.

ही हकिगत अमेरिकेत बऱ्याचदा एका माणसाने रस्ता थांबवल्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते अर्धंच खरं आहे. रस्ता लगेच रद्द झाला नाही. १९६० च्या दशकात तर लष्करी अभियंत्यांनी पोटोमॅकवर धरणांची मालिका सुचवली. त्यातलं सेनेका इथलं धरण झालं असतं तर कालव्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याच्या एका भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. पूर्ण लांबीला उद्यानाचं संरक्षण मिळायला ८ जानेवारी १९७१ उजाडलं, जेव्हा रिचर्ड निक्सन यांनी कायद्यावर सही केली. म्हणजे त्या चालीनंतर जवळपास सतरा वर्षं. एवढा काळ प्रकरण तापत ठेवलं ते त्या चालीतून उभ्या राहिलेल्या समितीने. तीच पुढे ‘सी अँड ओ कॅनॉल असोसिएशन’ झाली.

थोडक्यात, आज दिसणारी कच्ची वाट ही डांबर टाकायचं राहून गेलेली जागा नाही. डांबर नको, हे ठरवून राखलेली जागा आहे.

ग्रॅव्हल सायकलवाल्यांना इथे काय सापडलं?

आधी सायकलचं बघू. ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वळवलेल्या हँडलची. पण टायर रुंद, साधारण ४० मिलिमीटरचे किंवा त्याहून जाड, आणि हवा कमी. खडबडीत वाटेवर ती माउंटन बाइकपेक्षा वेगात जाते आणि शर्यतीच्या सायकलपेक्षा कमी हादरे देते. मोटारींच्या भीतीने डांबरी रस्ते सोडणाऱ्या सायकलस्वारांना ती सोयीची वाटते.

अशा सायकलला पोटोमॅककाठ अगदी जुळतो. चढ नाही, वाहन नाही, रस्ता चुकायची शक्यता नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कुठे पाणी भरलेला तर कुठे कोरडा, झाडं उगवलेला कालवा. दर काही किलोमीटरवर मुक्कामाची छोटी जागा आहे. तिथे पाण्याचा हातपंप, लाकडी टेबल आणि फिरतं स्वच्छतागृह एवढंच मिळतं. जो आधी येईल त्याला जागा. जुन्या लॉकरक्षकांची काही घरंही आता रात्रीपुरती भाड्याने मिळतात. मधे हार्पर्स फेरी लागतं, जिथे १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी गुलामगिरीविरुद्ध उठाव करायचा प्रयत्न केला. पुढे अँटिएटमची रणभूमी वाटेपासून जवळ आहे. मोनोकसी नदीवर ५१६ फुटांचा दगडी पूल आहे. हा पूल माणसांसाठी नव्हता. नदीच्या वरून कालव्याचं पाणी, बोटींसकट, नेण्यासाठी तो बांधला होता.

पण या वाटेचं भाग्य खऱ्या अर्थाने बदललं २०१३ मध्ये. कंबरलंडहून पिट्सबर्गपर्यंत जाणारा ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ हा १५० मैलांचा सायकलमार्ग त्या वर्षी पूर्ण झाला. तो मुख्यतः बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर, चुनखडीचा बारीक चुरा दाबून बनवला आहे. कंबरलंड सोडल्यावर ३८ किलोमीटर सतत, पण सौम्य चढ आहे. तो संपतो २,३९२ फुटांवर, जिथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचं मेक्सिकोच्या आखाताकडे जातं. तिथून पिट्सबर्गपर्यंत उतार. दोन्ही वाटा मिळून सुमारे ५४० किलोमीटर होतात. पिट्सबर्गला जिथे त्या संपतात, तिथेच दोन नद्या एकत्र येऊन ओहायो नदी सुरू होते. कालव्याला जे बावीस वर्षांत आणि एक कोटीहून अधिक डॉलर ओतून जमलं नाही, ते शेवटी सायकलींनी केलं, तेही रेल्वेच्या जमिनीवरून.

एका बाजूने सायकल आणि दुसऱ्या बाजूने रेल्वे असा बेतही बरेच जण करतात. वॉशिंग्टन, कंबरलंड आणि पिट्सबर्गला जोडणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी ज्या रुळांवरून धावते, त्यांतला कंबरलंडपर्यंतचा मार्ग बाल्टिमोर अँड ओहायोचाच.

मग अडचण कुठे आहे?

पावसात. पिट्सबर्गकडचा मार्ग रेल्वेच्या उंच भरावावर आहे, पाणी लगेच निचरतं. टो-पाथ मात्र नदीच्या पूरक्षेत्रातच आहे. दोन दिवस सलग पाऊस झाला की काही टप्प्यांत चिखल असा होतो की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अडकून सायकल ढकलावी लागते. हॅनकॉक या छोट्या गावाजवळ तर तुलना डोळ्यांसमोर आहे. तिथे टो-पाथला अगदी समांतर ‘वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल’ ही जुन्या रेल्वेवरची डांबरी सायकलवाट आहे. पाऊस पडला की अनेक सायकलस्वार गुपचूप तिकडे वळतात. (तीही सलग नाही. इंडिगो नावाच्या बोगद्यात वटवाघळं हिवाळ्यात झोपतात, म्हणून तिथे सायकलस्वारांना पुन्हा टो-पाथवरच यावं लागतं.)

पूर ही त्याहून मोठी गोष्ट. १९३६, १९७२, १९८५ आणि १९९६ मध्ये दोनदा, पोटोमॅकने ही वाट जागोजागी फोडली. बिग स्लॅकवॉटर नावाच्या टप्प्यात वाट थेट नदीच्या कड्याला चिकटून जाते. तिथे नुकसान झाल्यावर सायकलस्वारांना अनेक वर्षं मोटारींच्या अरुंद रस्त्याने वळसा घालावा लागत होता. तो तुकडा काँक्रीटमध्ये नव्याने बांधून २०१२ मध्ये खुला झाला.

कोणाला सहसा दिसत नाहीत त्या मोऱ्या. कालव्याखालून ओढ्यांचं पाणी नदीत सोडणाऱ्या दीडशेहून जास्त जुन्या दगडी मोऱ्या या वाटेखाली आहेत. एखादी मोरी ढासळली की वर वाटेला भगदाड पडतं आणि २९७ किलोमीटरची सलग वाट तिथे तुटते. दगडी पूल दुरुस्त झाला की उद्घाटन होतं, फोटो येतात. मोरीच्या दुरुस्तीचा फोटो कोण काढणार? सायकलस्वाराचा प्रवास मात्र मोरीवर जास्त अवलंबून आहे.

वाट गुळगुळीत केली तर इतिहास बिघडतो का?

उद्यानाने गेल्या काही वर्षांत टो-पाथचा पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने सुधारायला घेतला. खड्डे भरायचे, वर आलेली मुळं काढायची, दगडाचा बारीक चुरा पसरून रोलरने दाबायचा. नव्या टप्प्यांवर व्हीलचेअर आणि लहान मुलांच्या सायकलीही सहज जातात. जुन्या भाविकांपैकी काहींना हे खटकतं. त्यांना दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत अशी रानवाट हवी असते. गुळगुळीत झाली की सायकली वेगात जातील, पायी चालणाऱ्यांना त्रास होईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. इथे नियमाने सायकलस्वाराने पादचाऱ्याला, घोड्याला आणि खेचरालाही आधी वाट द्यायची असते, पुढे जाताना घंटा वाजवायची असते. नियम सगळेच पाळतात असं नाही.

पण ‘खड्डे म्हणजे इतिहास’ हा युक्तिवाद टिकत नाही. चालू कालव्याची वाट ही रानवाट कधीच नव्हती. १२० टन कोळसा ओढणाऱ्या खेचराचा पाय मुरगळला तर कंपनीचं नुकसान व्हायचं, म्हणून वाट साफ आणि सपाट ठेवली जायची. गवत आणि मुळं आली ती कालवा बंद पडल्यावर. तेव्हा बारीक चुऱ्याची दाबलेली वाट ही १८७० च्या वाटेच्या जास्त जवळ जाते. डांबराची गोष्ट वेगळी. ते एकदा आलं की वेग येतो, रुंदी वाढवण्याची मागणी येते आणि पुरात उखडलं की दुरुस्ती कितीतरी महाग पडते. चुरा वाहून गेला तर पुन्हा पसरता येतो.

अट एकच. तो दर वेळी कोणीतरी पसरावा लागतो.

पैसा आणि माणसं कुठून येणार?

२०२० मध्ये अमेरिकी संसदेने ‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्ट’ हा कायदा केला. रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी पाच वर्षं, दरवर्षी १.९ अब्ज डॉलरपर्यंत निधी आणि त्यातला ७० टक्के वाटा राष्ट्रीय उद्यानांना. ती मूळ मुदत २०२५ च्या आर्थिक वर्षाबरोबर संपली. त्याच वर्षी ट्रम्प प्रशासनाने केंद्रीय कर्मचारी कमी करण्याची मोहीम राबवली. उद्यान सेवेने जानेवारी २०२५ पासून काही महिन्यांतच आपले जवळपास एक चतुर्थांश कायम कर्मचारी गमावले, असं ‘नॅशनल पार्क्स कॉन्झर्व्हेशन असोसिएशन’ या संस्थेचं म्हणणं आहे. मग १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकारी कामकाजच ठप्प झालं. अशा वेळी उघड्यावरची वाट कोणी कुलूप लावून बंद करत नाही. फक्त पडलेलं झाड उचलायला माणूस नसतो. आणि इथे झाडं पडतात, कारण ‘एमरल्ड अ‍ॅश बोअरर’ या आशियातून आलेल्या किड्याने काठावरचे अ‍ॅश वृक्ष मोठ्या प्रमाणावर मारले आहेत.

याचा फटका फक्त हौशी सायकलस्वारांना बसत नाही. कोळसा आणि रेल्वे गेल्यावर या पट्ट्यातल्या छोट्या गावांनी आपला हिशोब सायकलींवर बांधला आहे. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजच्या एका अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात त्या मार्गामुळे १२.१ कोटी डॉलरहून अधिक आर्थिक उलाढाल झाली. लांबचा सायकलस्वार हॉटेलात राहतो, जेवतो, सायकल दुरुस्त करून घेतो. पण त्याला सलग वाट हवी असते. मध्ये वळसा आहे असं कळलं तर तो सुट्टीसाठी दुसरा मार्ग निवडतो आणि हॅनकॉक किंवा विल्यम्सपोर्टमधली खोली रिकामी राहते. १९५० च्या दशकात याच भागातले लोक डांबरी रस्ता मागत होते. आता त्यांना खडीची वाट वेळेवर दुरुस्त व्हायला हवी आहे.

कालवा चालू होता तेव्हा कंपनीकडे ‘लेव्हल वॉकर’ नावाचे नोकर असत. दोन लॉकमधल्या सपाट पट्ट्याला ‘लेव्हल’ म्हणायचे. आपल्या वाट्याचा पट्टा चालत पाहायचा, उंदरासारख्या मस्करॅट प्राण्याने काठाला बीळ पाडलंय का, कुठे पाणी झिरपतंय का हे बघायचं आणि छोटं भोक लगेच बुजवायचं, हे त्यांचं काम होतं. आज हे नाव ‘सी अँड ओ कॅनॉल असोसिएशन’चे स्वयंसेवक लावतात. प्रत्येकाने वाटेचा एक तुकडा घेतलेला असतो. ते तो चालतात, कचरा उचलतात, कुठे झाड आडवं पडलंय, कुठे वाट खचतेय याची नोंद करून उद्यानाला कळवतात. मोरी बांधणं त्यांच्या हातात नाही.